शिकारी रायफलीची गोळी

शिकारीचे जनावर तत्काळ मरते की जखमी होऊन निसटते, हे नेमाइतकेच गोळीच्या रचनेवरही अवलंबून असते. स्विस लष्करी अधिकारी एडूआर्ट रूबिन यांनी १८८२ मध्ये शिशाच्या गोळीवर तांब्याचे आवरण चढविले. त्यामुळे पुढे धूरविरहित दारूचा वाढीव वेग गोळीला पेलता आला. पूर्ण आवरणाची गोळी मात्र न पसरता आरपार जाते. म्हणून हरणांसारख्या जनावरांसाठी उघड्या टोकाच्या, आघाताने पसरणाऱ्या गोळ्या प्रचारात आल्या. याउलट, डब्ल्यू. डी. एम्. बेल (१८८०–१९५४) यांनी आफ्रिकेत ७ मिमी. माउझर काडतुसाच्या पूर्ण आवरणाच्या लांब गोळ्यांनी हत्ती मारले. हत्तीची कवटी भेदण्यास न पसरणारी गोळीच आवश्यक होती.

दुर्मिळ काडतुसासाठी खास बनवून घेतलेल्या रायफलीत ही निवड अधिक अवघड होते. योग्य व्यासाची गोळी मिळाली, तरी तिचे आवरण निराळ्या वेगासाठी घडविलेले असू शकते. जाड आवरणाची गोळी मंद वेगात पसरत नाही. पातळ आवरणाची अतिवेगात कातडीजवळच फुटते. शिवाय नळीतील आट्यांचा पीळ गोळीच्या लांबीला पुरेसा नसल्यास ती उड्डाणात डगमगते.

१९४६ मध्ये कॅनडात मूस हरणाच्या शिकारीत गोळ्या खोल न शिरल्याने अमेरिकन शिकारी जॉन नॉस्लर (१९१३–२०१०) यांनी मध्ये धातूचा पडदा असलेली गोळी तयार केली व १९४८ मध्ये ती विक्रीस आणली. तिचा पुढचा भाग पसरतो, तर मागचा अखंड राहून खोल शिरतो. त्यामुळे एकच गोळी निरनिराळ्या वेगांत उपयोगी पडू लागली.