जपानच्या शाळेतला परदेशी 'एएलटी' दिवसभर नेमकं करतो काय?

जपानी शाळेत मुलांसोबत जेवणारा, त्यांच्यासोबत झाडू मारणारा आणि वर्गात "रिपीट आफ्टर मी" म्हणणारा परदेशी तरुण तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिला असेल. खाली कमेंट ठरलेली असते, "भावा, मला पण ने." या नोकरीचं नाव असिस्टंट लँग्वेज टीचर, थोडक्यात एएलटी. रीलमध्ये दिसतं ते खोटं नसतं. पण नावातला 'असिस्टंट' हा शब्द कुणी नीट वाचत नाही, आणि या नोकरीतलं बरंवाईट सगळं त्याच शब्दात आहे.

सुरुवात झाली १९८७ साली. तेव्हा जपानच्या गाड्या आणि टीव्ही जगभर विकले जात होते, अमेरिकेसोबत व्यापारावरून खटके उडत होते आणि देशात 'कोकुसाइका' म्हणजे आंतरराष्ट्रीयीकरण हा परवलीचा शब्द झाला होता. अशा वातावरणात सरकारने जेट प्रोग्राम सुरू केला. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. आता पन्नासहून जास्त देशांतले पाच हजारांवर लोक या योजनेत असतात आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त एएलटी असतात.

निवडीसाठी कोणत्याही विषयाची पदवी चालते, बीएड लागत नाही. पण शिकवण्याचा परवाना नसल्यामुळे वर्गाची जबाबदारी कायम जपानी शिक्षकाकडेच राहते. म्हणजे तुमची नोकरी कशी जाणार हे तो शिक्षक कसा आहे यावर ठरतं. काही जण सोबत बसून धडा आखतात. काही जण फक्त उतारा वाचून घेतात आणि मग चाळीस मिनिटं तुम्ही फळ्याशेजारी उभे. एएलटी मंडळी स्वतःला गमतीने 'मानवी टेपरेकॉर्डर' म्हणतात ते यामुळेच.

प्राथमिक शाळेत चित्र उलटं होतं. २०११ पासून पाचवी-सहावीला परदेशी भाषेचे तास सक्तीचे झाले. २०२० पासून तिथे इंग्रजी हा रीतसर गुणांचा विषय झाला आणि भाषेचे तास तिसरीपासून सुरू झाले. वर्गशिक्षक मात्र तेच, गणित-विज्ञानासकट सगळे विषय शिकवणारे. त्यातल्या अनेकांना इंग्रजी बोलायचा आत्मविश्वास नसतो, मग अख्खा तास एएलटीच्या हातात येतो. हुद्दा असिस्टंटचा आणि काम मुख्य शिक्षकाचं.

दिवस कसा जातो?

दारातच बाहेरचे बूट काढून आतले घालायचे. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांची टेबलं एकमेकांना चिकटून असतात, त्यातलं एक तुमचं. सकाळची बैठक जपानीत होते. भाषा येत नसेल तर आज तिसरा तास रद्द झालाय हे तुम्हाला रिकाम्या वर्गात गेल्यावर कळतं. प्राथमिकला तास ४५ मिनिटांचा, पुढे ५० मिनिटांचा. मधल्या रिकाम्या वेळात फ्लॅशकार्ड कापणं, वह्या तपासणं.

दुपारी 'क्युशोकु', म्हणजे शाळेचं जेवण. पांढऱ्या टोप्या घातलेली मुलंच वाढपी असतात आणि शिक्षक वर्गातच जेवतात. भात, सूप, एखादा मासा किंवा मांसाचा पदार्थ आणि दूध. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाने इथे जरा थांबून विचार करावा, कारण नुसत्या भाजीच्या वाटणाऱ्या सूपमध्येही बहुतेक वेळा 'दाशी' म्हणजे माशाचा अर्क असतो. जेवणानंतर 'सोजी', सगळी शाळा मिळून साफसफाई करते. अनेक एएलटींच्या मते मुलांशी खरी ओळख याच दोन वेळांत होते, कारण तेव्हा कुणी व्याकरण विचारत नाही.

जेटमध्ये आठवड्याला साधारण ३५ तास काम असतं. चार-साडेचारला निघताना म्हणायचं, "ओसाकी नि शित्सुरेई शिमासु", म्हणजे तुमच्या आधी निघतोय, माफ करा. बाकीचे शिक्षक खेळांचे क्लब आणि कागदपत्रं घेऊन संध्याकाळ उलटेपर्यंत बसणार असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग नसतात, तरी रजा घेतली नाही तर अनेक ठिकाणी टेबलाशी येऊन बसावंच लागतं.

गाव कोणतं मिळेल हे आपल्या हातात नसतं. तुम्ही टोकियो डोक्यात ठेवून जाता आणि नेमणूक डोंगरातल्या गावात होते, जिथे घरात हीटिंग नसतं आणि रॉकेलच्या स्टोव्हवर हिवाळा काढावा लागतो. कुणाला एकच शाळा, तर कुणाला इतक्या शाळा की मुलांची नावंही पाठ होत नाहीत.

तरीही हे नातं वरवरचंच असतं असं नाही. इशिनोमाकी शहरात टेलर अँडरसन ही २४ वर्षांची अमेरिकन एएलटी होती. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर पालक मुलांना घेऊन जाईपर्यंत ती शाळेत थांबली आणि घरी जाताना त्सुनामीत गेली. नंतर तिच्या कुटुंबाने तिथल्या शाळांना इंग्रजी पुस्तकं दिली. त्यांची कपाटं बनवली ती त्याच त्सुनामीत आपली तिन्ही मुलं गमावलेल्या एका स्थानिक सुताराने.

पगार किती, आणि तो देतं कोण?

रीलमध्ये हाच प्रश्न सुटतो. जेटचा पहिल्या वर्षाचा पगार बरीच वर्षं ३३ लाख ६० हजार येन होता, २०२५ पासून तो ४० लाख २० हजार झाला. एक येन म्हणजे साधारण अर्धा-पाऊण रुपया. करार एका वर्षाचा असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षं वाढतो. त्यानंतर बढती वगैरे काही नाही, कारण असिस्टंटच्या वरची पायरीच नाही.

पण सरकारी शाळांतले बहुतेक एएलटी जेटचे नसतातच. काहींना महापालिका थेट नेमते, तर अनेक जण खासगी कंपन्यांमार्फत येतात. तिथे पगार सहसा कमी असतो आणि काही कंपन्या सुट्टीच्या महिन्यात तो आणखी कापतात. कामाचं कंत्राट कंपनीकडे असेल तर आणखी एक विचित्र पेच होतो. कायद्याने शाळेतला शिक्षक कंपनीच्या माणसाला थेट सूचना देऊ शकत नाही. एकाच वर्गात दोघांनी मिळून शिकवायचं आणि एकाने दुसऱ्याला काय कर हे सांगायचं नाही, हे कसं जमणार?

जेटच्या यादीत भारत आहे, पण इथून जाणारे अगदी मोजके असतात. जायचा विचार असेल तर आधी आपली शाळा आठवा. जपानच्या 'इन्स्ट्रक्टर' व्हिसाच्या नियमानुसार जी भाषा शिकवायची त्याच भाषेतून किमान १२ वर्षांचं शिक्षण झालेलं असावं लागतं. म्हणजे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्याचं इंग्रजी कितीही फर्डं असलं तरी कागदावर अडचण येते. जेटचा अर्ज जपानी दूतावासामार्फत होतो, त्यासाठी एजंट लागत नाही. खासगी कंपनीची ऑफर आली तर करारात तीन गोष्टी शोधा: ऑगस्टचा पगार, आरोग्य विमा आणि शाळा किती.