सायबेरियन डॉगवुड

सायबेरियन डॉगवुड (शास्त्रीय नाव: कॉर्नस आल्बा) हे कॉर्नेसी कुलातील एक पानझडी झुडूप आहे. शोभेची बहुतेक झुडपे फुलांसाठी लावली जातात. याची लागवड मात्र प्रामुख्याने हिवाळ्यात लालभडक दिसणाऱ्या फांद्यांसाठी होते. हा रंग कोवळ्या फांद्यांवरच पूर्ण तेजाने खुलतो. त्यामुळे नियमित छाटणी हा या झुडपाच्या निगेचा मुख्य भाग आहे.

नाव व प्रसार

कार्ल लिनियस यांनी १७६७ मध्ये या जातीचे शास्त्रीय नामकरण केले. ‘आल्बा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पांढरी’ असा आहे. हे विशेषण फांद्यांना नव्हे, तर पांढऱ्या फळांना अनुलक्षून आहे. सायबेरिया, उत्तर चीन व कोरिया हा या झुडपाचा मूळ प्रदेश होय. उत्तर अमेरिकेतील कॉर्नस सेरिसिया ही त्याची अगदी निकटची जाती आहे.

वर्णन

झुडूप सुमारे ३ मीटरपर्यंत वाढते व बुंध्यापासून अनेक फांद्या फुटून पसरते. पाने साधी, संमुख व अंडाकृती असून पानगळीपूर्वी ती लाल किंवा जांभळट होतात. वसंताच्या अखेरीस लहान, चार पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांचे चपटे गुच्छ येतात. फळे वाटाण्याएवढी, पांढरी, क्वचित निळसर झाक असलेली असतात.

लागवड

हे झुडूप काटक असून उणे २०° सेल्सियसपेक्षा कमी तापमानातही तग धरते. चिकणमातीची किंवा सतत ओलसर राहणारी जमीन त्याला चालते. म्हणून तळ्याच्या काठी ते आवर्जून लावतात. अर्धवट सावलीतही ते वाढते. मात्र फांद्यांचा रंग भरपूर उन्हात अधिक गडद होतो. लागवडीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माती कोरडी पडू न देता पाणी द्यावे लागते.

छाटणी

फांदी जुनी होत गेली की तिची साल फिकी व तपकिरी होते. ही जुनी वाढ काढून नवे धुमारे फुटावेत, हा छाटणीचा हेतू असतो. रोप रुजेपर्यंत, म्हणजे साधारणपणे पहिले वर्षभर, त्याची कठोर छाटणी करत नाहीत. पुढे दरवर्षी किंवा एका वर्षाआड, हिवाळा संपताना पालवी फुटण्यापूर्वी सर्व फांद्या जमिनीपासून ५ ते ८ सेंटिमीटर उंचीवर कापतात. त्यानंतर बुंध्याभोवती कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत पसरतात. हिवाळ्याच्या आरंभी छाटणी केल्यास ज्या फांद्यांसाठी झुडूप लावले, त्याच नाहीशा होतात.

फुले आदल्या वर्षीच्या फांद्यांवर येत असल्याने संपूर्ण छाटणीनंतर त्या वर्षी फुले व फळे मिळत नाहीत. फुलांवर येणारे कीटक व फळे खाणारे पक्षी यांचाही आहार त्यामुळे तुटतो. यावर उपाय म्हणून दरवर्षी केवळ सर्वांत जुन्या एक-तृतीयांश फांद्या बुंध्याशी कापतात. त्यामुळे रंग थोडा कमी भरतो, परंतु फुलोरा टिकतो.

अभिवृद्धी

पानगळीनंतर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, २० ते ३० सेंटिमीटर लांबीच्या फांद्यांचे छाटकलम करतात. कलमाचा दोन-तृतीयांश भाग मातीत पुरतात. दाबकलमानेही रोपे तयार होतात. बियांपासूनची रोपे मूळ वाणासारखी निपजतीलच असे नसते.

प्रमुख वाण

सिबिरिका: तेजस्वी लाल फांद्या.
एलेगांटिसिमा: पांढऱ्या कडांची पाने.
श्पेटी: पिवळ्या कडांची पाने, बर्लिनमधील श्पेट रोपवाटिकेवरून नाव.
केसेलरिंगी: काळपट जांभळ्या फांद्या.

पहिल्या तीन वाणांना ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा ‘अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिट’ हा गुणगौरव लाभला आहे. दुरंगी पानांच्या वाणांवर निव्वळ हिरव्या पानांचा धुमारा आल्यास तो मुळाशी काढतात. अन्यथा जोमाने वाढून तो इतर फांद्यांना झाकोळतो.

भारतातील स्थिती

कॉर्नस कॅपिटाटा व कॉर्नस मॅक्रोफिला या याच प्रजातीतील जाती हिमालयात नैसर्गिकरीत्या आढळतात. सायबेरियन डॉगवुडला दीर्घ व कडक हिवाळा मानवतो. महाराष्ट्रात तसा हिवाळा नसल्याने येथील बागांसाठी हे झुडूप योग्य ठरत नाही.