रंगाऱ्यांचा ठसा आणि व्यापाऱ्यांची छाप

समाजाच्या मेळाव्याहून घरी परतताना आपल्या हाती बहुधा एक कापडी पिशवी असते. तीवर कोणा दुकानदाराचे नाव, खाली गावाचे नाव व एखादे चिन्ह छापलेले असते. पिशवी बाजारहाटास उपयोगी पडते, आणि ती जेथे जेथे जाईल तेथे दुकानाचे नावही जाते. जाहिरातीची ही रीत नव्या काळाची आहे असा समज आहे. परंतु वस्त्रावर ठसा उमटविण्याची विद्या आपल्या भावसार-रंगारी समाजाच्या अंगणात कित्येक पिढ्या नांदली, हे आपल्याच मुलाबाळांस ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट होय. म्हणून हा अल्पसा इतिहास सादर करीत आहोत.

रंगाऱ्याच्या धंद्यास वाहते पाणी हवे. आपल्या बुलढाणे जिल्ह्यात मेहकरास पैनगंगा आहे, मलकापुरास नळगंगा आहे. कोरे कापड प्रथम धुऊन त्याची खळ काढावयाची, मग ते हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवावयाचे. त्यानंतर तुरटीच्या पाण्यात डिंक कालवून तो लेप लाकडी ठशाने कापडावर उठवावयाचा. काळी रेघ हवी असल्यास लोखंडाचा गंज व गूळ एकत्र आंबवून केलेले पाणी वापरावयाचे. शेवटी ते कापड आलाच्या मुळ्यांच्या काढ्यात उकळले, की जेथे तुरटी तेथेच तांबडा रंग धरे. उरलेल्या भागावरचा कच्चा रंग धुण्याने व उन्हाने निघून जाई. जाजमे आणि फडक्या या रीतीने तयार होत. ठसा वेलबुट्टीचा असो वा अक्षराचा, कसब एकच : रंग नेमका कोठे धरावा हे आधी ठरविणे.

या विद्येवर पहिला आघात प्रयोगशाळेतून झाला. १८६८ साली ग्रेबे व लीबरमान या दोघा जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य कृत्रिम रीतीने सिद्ध केले. आलाची मुळे तयार होण्यास शेतात वर्षे जात. तोच तांबडा रंग आता डब्यातून मिळू लागला आणि आलाची शेती बसत गेली.

दुसरा बदल रेल्वेने आणला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या कापसास परदेशी मागणी वाढली. १८७० साली जलंबहून खामगावास रेल्वेचा फाटा आला आणि खामगाव कापसाची मोठी पेठ बनले. कापूस बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचे कापड आत येऊ लागले. जातानाच्या गाठीवर पत्र्याच्या कापीव साच्यातून शाईने खुणा केल्या जात. येणाऱ्या ताग्यावर गिरणीचा शिक्का व रंगीत चित्राचे लेबल असे. गिऱ्हाइकास अक्षर वाचता न आले तरी हत्ती, मोर वा देवीचे चित्र ओळखता येई, आणि त्या चित्रावरच मालाचा भरवसा बसे. खोट्या खुणांनी फसवणूक होऊ नये म्हणून १८८९ च्या कायद्याने खोटी व्यापारी चिन्हे लावणे गुन्हा ठरविले आणि ताग्यावर लांबीचा आकडा छापणे सक्तीचे केले. पुढे १९२५ च्या कायद्याने दाबाच्या कारखान्यांस प्रत्येक गाठीवर आपली खूण व अनुक्रमांक घालावा लागला. छाप ही शोभा राहिली नाही, ती जबाबदारी झाली.

ही चित्रे शिळाछापाने निघत. मराठी मुलखात ही कला आधीच रुजली होती. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग शिळाछापावर काढले. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. रंगीत चित्रास प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एका दगडाची जागा केसभर चुकली तरी चित्र बिघडे. आपल्या वाडवडिलांसही एका रंगाचा ठसा दुसऱ्याशी असाच जुळवावा लागे. हा छापखाना श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेल्यावर तेथे व्यापारी लेबलेही छापली जाऊ लागली.

आज पिशवीवर नाव येते ते बहुधा जाळीच्या छपाईने. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीतून, जेथे वाट मोकळी ठेवली असेल तेथूनच, शाई खाली उतरते. गाठीवरचा कापीव साचा व ही जाळी यांचे नाते उघड आहे. लेखणीसारख्या गोल वस्तूवर मऊ गादीने शाई टेकवितात. कपावरचे चित्र कागदावरून उष्णतेने उतरवितात, त्यासाठी कपास आधी विशेष लेप द्यावा लागतो. लग्नात द्यावयाच्या भांड्यावर दुकानातच यंत्राने नाव कोरून मिळते. साधने बदलली, तरी कोठे रंग धरावा व कोठे धरू नये हा प्रश्न तोच राहिला.

मग आपला समाज या नव्या धंद्यात पुढे का राहिला नाही? यंत्र व परकीय रंग ही कारणे खरी आहेत. परंतु आमच्या मते एक दोष आपलाही आहे. रंगाची कृती घराबाहेर जाऊ द्यावयाची नाही, ती लिहून ठेवावयाची नाही, ही आपली रीत होती. वडीलधारी माणसे गेली आणि कृती त्यांच्याबरोबर गेली. दुसऱ्याच्या वस्त्रावर शोभा उमटविणाऱ्या त्या हातांनी स्वतःचे नाव कोठेच उमटविले नाही. ठसे तेवढे मागे राहिले, आणि त्यांतीलही कित्येक चुलीत गेले असतील.

यास्तव सर्व कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे. माळ्यावर, अडगळीत जुना ठसा असल्यास तो जाळू वा विकू नये. त्याचा कागदावर उतारा घ्यावा, त्याखाली गाव व घराण्याचे नाव लिहावे. घरात वयोवृद्ध माणूस असल्यास रंगाच्या कृती आजच विचारून लिहून ठेवाव्यात. तरुणांनी छपाईचे शिक्षण घेण्यात कमीपणा मानू नये, कारण ती विद्या त्यांना परकी नाही.

पुढील मेळाव्याच्या पिशवीवर देणगीदाराचे नाव अवश्य असावे. त्याच्या शेजारी आपल्याच एखाद्या घरातील जुन्या ठशाची वेलबुट्टी उमटली, व खाली त्या घराण्याचे नाव आले, तर पूर्वजांचे थोडे ऋण फिटले असे आम्ही समजू.