चित्रामागचा शेरा

तहसील कचेरी आणि शाळा या दोन ठिकाणी ‘शेरा’ हा शब्द सारख्याच धाकाने उच्चारला जातो. अर्जावर शेरा पडला की अर्ज पुढे सरकतो किंवा कायमचा निजतो. प्रगतिपुस्तकात पडला की संध्याकाळी घरी काय वाढून ठेवले आहे, ते मुलाला कळते. छायाचित्रांच्या स्पर्धेत मात्र हा शेरा अलीकडे दुर्मिळ झाला आहे. तिघांना ढाली मिळतात, दोघांना उत्तेजनार्थ काहीतरी मिळते, आणि उरलेले शंभरजण आपले चित्र काखोटीला मारून जसे आले तसे परत जातात. आपले कोठे चुकले हे त्यांना कोणी सांगत नाही. कोठे साधले हे तर नाहीच नाही.

हौशी छायाचित्रकारांचा इतिहास पाहू गेले तर सुरुवात अशी नव्हती. लंडनला १८५३ च्या जानेवारीत छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि त्यानंतर पावणेदोन वर्षांतच, १८५४ च्या ऑक्टोबरात, मुंबईत तशीच संस्था उभी राहिली. कॅप्टन हॅरी बार हा तिचा पहिला अध्यक्ष. १८५५ पासून तिचे नियतकालिकही निघू लागले. सभासद बहुतेक लष्करातले, डॉक्टरकीतले किंवा सरकारी नोकरीतले, आणि सारे हौशी. त्या काळी ‘हौशी’ या शब्दाला प्रतिष्ठा होती. पोटासाठी नव्हे तर विद्येसाठी करणारा, असा त्याचा अर्थ होता. आज आपण तो शब्द नाटकमंडळ्यांना लावतो तो अर्धवट हसूनच.

या मंडळीत आपली माणसेही होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होते, आणि १८५७ साली कलकत्त्याच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग उघडला. तेथे बक्षीस मिळवून बाहेर पडलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला; १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे काम होते. याच गृहस्थाने १८७४ मध्ये लंडनला भगवद्गीतेवरचे इंग्रजी विवरण प्रसिद्ध केले. काळ्या कापडाखाली डोके घालून उभा राहणारा माणूस गीतेवरही लिहितो, ही गंमत मला फार आवडते.

त्या पहिल्या पिढीची चर्चा मुख्यतः रसायनांची असे. कलोडियनची ओली काच वाळायच्या आत चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती काच बघता बघता वाळे. त्यामुळे चित्र समोर आले की आधी विचारणा होई ती पाण्याची, चांदीच्या क्षाराची, उजेडाला किती वेळ दिला त्याची. हा शेरा रूक्ष खरा, पण त्याचा उपयोग होई. घरी जाऊन माणूस दुसरी काच घेई.

शेरा कोणी कोणाला द्यावा हा प्रश्न मात्र रसायनाचा नव्हता. कलकत्त्याच्या संस्थेत राजेंद्रलाल मित्र हे मोठे विद्वान पदाधिकारी होते. १८५७ मध्ये टाउन हॉलच्या सभेत ते निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध कडक बोलले, तेव्हा संस्थेतल्या गोऱ्या सभासदांचे पित्त खवळले आणि मित्रांना संस्थेबाहेर काढण्यात आले. त्यांच्या एकाही छायाचित्राचा या भांडणाशी संबंध नव्हता. एका टेबलाभोवती बसून एकमेकांची चित्रे पाहायची, तर त्या टेबलाशी सगळे सारखे असावे लागतात. कलकत्त्याला तसे ते नव्हते.

रसायन हाताशी आल्यावर दुसरा वाद उभा राहिला, तो खऱ्याखोट्याचा. मुंबईच्याच संस्थेतल्या विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. माणसे एकीकडे टिपलेली, मागचा देखावा दुसरीकडचा, आणि छापताना दोन्हींची गाठ घातलेली. इंग्लंडात रेयलँडरने १८५७ मध्ये तिसेक काचांतून एकच भव्य चित्र जुळवले होते आणि ते पाहून कोणी वाहवा केली, कोणी नाक मुरडले.

हा वाद जुना झाला असे समजू नका. आमच्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचे, अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला पावसाच्या तोंडावर झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. तिपाईवर कॅमेरा ठेवून अंधारात एकामागून एक चित्रे घेतात आणि मग संगणकावर ती एकावर एक रचतात. झाड असे पेटलेले दिसते की बघणाऱ्याने आ वासावा. स्पर्धेत असे चित्र आले की परीक्षकांत दोन तट पडतात. माझे मत असे की काजव्यांनी जे पंधरा मिनिटांत केले ते एका चौकटीत दाखवण्यात पाप नाही, फक्त खाली तसे लिहावे. जॉन्सनची गोष्ट निराळी. जो माणूस त्या जागी उभाच नव्हता त्याला त्याने तेथे उभा केला.

आता थोडे साता समुद्रापलीकडे जाऊ, कारण एका शेऱ्याने काय होऊ शकते याचा नामी दाखला तिकडे आहे. १८८७ मध्ये लंडनच्या ‘द अमॅच्युअर फोटोग्राफर’ या साप्ताहिकाने सुटीतल्या चित्रांची स्पर्धा घेतली. परीक्षक होता डॉ. पीटर हेन्री एमर्सन. वैद्यकी शिकलेला, तापट, नॉर्फकच्या दलदलीतली शेतकरी माणसे टिपणारा. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या तेवीस वर्षांच्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने इटलीत घेतलेले हसऱ्या मुलांच्या घोळक्याचे चित्र पाठवले होते. एमर्सनने त्याला पहिले बक्षीस दिले आणि कारणही सांगितले: साऱ्या ढिगात आपसूक घडलेले असे हे एकच चित्र आहे. तो विद्यार्थी म्हणजे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ. बक्षिसाची रक्कम दोन गिनी होती, ती केव्हाच खर्चून गेली असेल. आपला डोळा नेमका कशावर चालतो हे मात्र त्याला त्या एका वाक्याने कळले असावे. स्वतः एमर्सन पुढे डळमळला. छायाचित्रण ही कला आहे असे त्याने १८८९ मध्ये ग्रंथ लिहून ठासून सांगितले, आणि दोन वर्षे उलटण्याच्या आत काळ्या काठाचे पत्रक काढून ते मत मागे घेतले. गुरूने मत फिरवले म्हणून शिष्याचे चित्र काही फिरले नाही.

शेरा मानू नये असाही प्रसंग त्याच स्टिग्लिट्झच्या आयुष्यात आहे. १८९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला भर हिमवादळात तो काही तास रस्त्यात उभा राहिला आणि समोरून येणारी घोडागाडी त्याने टिपली. तो पुढे सांगत असे की क्लबातल्या मित्रांनी ती काच पाहून हसून घेतले, अंधुक आहे, फेकून दे म्हणाले. त्याने ती फेकली नाही; चौकट कापून घट्ट केली, आणि आज ते चित्र छायाचित्रणाच्या इतिहासात हटकून येते. अर्थात प्रत्येक अंधुक चित्र काही हिमवादळातले नसते, हेही नवशिक्यांच्या कानावर घातलेले बरे.

विसाव्या शतकात ‘सलोन’ आले. मुंबईत १९३२ मध्ये ‘कॅमेरा पिक्टोरियालिस्ट्स ऑफ बॉम्बे’ ही संस्था निघाली. जगभरच्या संस्थांचा संघ १९५० मध्ये आणि भारतीय संघ १९५३ मध्ये स्थापन झाला. त्यामुळे गावोगावच्या हौशी माणसांची चित्रे परदेशी भिंतींवर लागली, हे मोठेच काम. पण चित्रे शेकड्यांनी येऊ लागली तसा शेरा आकसला आणि आकडा उरला. तीन परीक्षक तीन आकडे देतात, बेरीज होते, चित्र स्वीकारले किंवा परत. जुनी हाताळलेली चित्रे उलटून पाहा: मागच्या पुठ्ठ्यावर ठिकठिकाणच्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या असतात, वाक्य एकही नसते. याउलट इंग्लंडात टपालाने फिरणारी मंडळे होती. पेटीत सर्वांची चित्रे आणि बरोबर एक वही. प्रत्येकाने दुसऱ्यांच्या चित्रांवर वहीत लिहायचे, आपल्यावर लिहिलेले वाचायचे, आणि पेटी पुढच्या गावी रवाना करायची.

ही वही माझ्या मनात बसली होती. आमच्या भागात एका गावी स्पर्धेचे परीक्षण मजकडे आले (मास्तर आहे आणि कादंबऱ्या लिहितो, एवढ्यावर लोक परीक्षक करतात) तेव्हा मी चालकांना म्हटले, बक्षिसे तुम्ही काय ती द्या, मला एक शंभर पानी वही द्या. डाव्या पानावर आम्ही लिहू, उजवे पान ज्याचे चित्र त्याचे.

चित्रे नेहमीचीच होती. चांदबिबीच्या महालामागे बुडणारा सूर्य अकरा वेळा बुडाला. रेहेकुरीची काळविटे, निघोजचे रांजणखळगे, धुळीत मेंढरे आणि लाल पागोट्याचा धनगर. त्यांत एक मोबाइलवर काढलेले चित्र होते, पाथर्डीकडच्या ऊसतोड कुटुंबातल्या नववीच्या मुलीचे. कारखान्याच्या फडाजवळची कोपी, पहाटेचा अंधार, चुलीवर भाकरी थापणारी आई. सगळे चित्र दाणेदार. आईचा अर्धा चेहरा उजेडात, अर्धा पलीकडे वळलेला. माझ्या सोबतच्या परीक्षकांनी दहापैकी चार गुण दिले. मी वहीत डाव्या पानावर लिहिले: “उजेड एकाच ठिकाणाहून आला आहे आणि तो हातांवर पडला आहे, हे उत्तम. कडेचा प्लास्टिकचा हंडा चौकटीत नसता तरी चालले असते. आई पलीकडे का पाहते आहे?”

चार दिवसांनी वही परत आली. उजव्या पानावर शाळेतल्या वळणदार अक्षरात तीन ओळी होत्या. “हंडा काढता येत नाही. पाणी एक किलोमीटरवरून आणलेले असते, ते आई नजरेआड ठेवत नाही. तिकडे लहान भाऊ निजला होता, जाळ त्याच्या तोंडावर येतो का ते ती बघत होती.”