तळ्यातला मासा बाजारात पोचतो कसा? : बीज, ठेका आणि बर्फ

नंदुरबार म्हटलं की मिरची आठवते, मासा फारसा कुणाला आठवत नाही. पण इथल्या बाजारात कटला, रोहू, मृगळ असतात. त्यांचा बाजारापर्यंतचा प्रवास समजून घ्यायचा, तर सुरुवात जाळ्यापासून नाही, त्याच्या बऱ्याच आधीपासून करावी लागते.

पहिली गोष्ट बीज. हे तिन्ही मासे मूळ गंगेच्या खोऱ्यातले, आणि साचलेल्या पाण्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी बंगालच्या नद्यांमधून मत्स्यजिरे गोळा करून रेल्वेने दूरदूर पाठवत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं. त्यानंतर बीज जवळच्या केंद्रात तयार होऊ लागलं. पण ते विकत घ्यावं लागतं, म्हणजे मासा दिसण्याआधीच पैसे लागतात.

दुसरी गोष्ट पाणी. तापीवरचं उकाई धरण 1972 मध्ये पूर्ण झालं. धरण गुजरातेत, पण फुगवटा नवापूर तालुक्यापर्यंत. पुढे सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली. जमीन गेली, पाणी आलं. मग त्या पाण्यातला मासा कुणाचा? सरकारी उत्तर साधारण ठरलेलं: तलाव ठेक्याने द्यायचा, शक्यतो सहकारी संस्थेला. कागदावर ठेका संस्थेचा असतो. पण ठेक्याची रक्कम आणि बीजाचा पैसा व्यापाऱ्याने उचल म्हणून दिला असेल, तर मासा त्यालाच घालावा लागतो, आणि भावही तोच ठरवतो.

तिसरी गोष्ट बर्फ. मिरची वाळवून ठेवता येते, भाव पडला तर थांबता येतं. ताजा मासा काही तासांत उतरतो. ज्याच्याकडे बर्फ आणि गाडी, त्याच्यासमोर घासाघीस कशी करणार? ठेका मिळाला म्हणजे बाजार मिळाला, असं होत नाही ते यामुळेच.

ही साखळी तोडता येते का? शेजारच्या मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींच्या संघाने 1996 ते 2006 अशी दहा वर्षं मासेमारी, वाहतूक आणि विक्री स्वतः सांभाळली. मग ठेक्याचं नूतनीकरण झालं नाही आणि प्रयोग थांबला. म्हणजे बाजार जमला होता, पाण्यावरचा हक्कच कच्चा होता.

कायदा आता काही वेगळं म्हणतो. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातले लहान जलसाठे पंचायतींच्या व्यवस्थापनाखाली आणले. 2006 च्या वनहक्क कायद्यात माशांवरचा सामूहिक हक्कही येतो. म्हणून माझ्या मते नुसती उत्पादनाची आकडेवारी बघून भागणार नाही. बीजाला पैसा कुणी दिला, ठेका किती वर्षांचा आणि बर्फ कुणाचा, हे तीन प्रश्न प्रत्येक तळ्याला विचारायला हवेत.