साका : फळाच्या आत लपलेला प्रश्न



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्यांनी एकदा वर्गात हापूस आंबा कापून दाखविला होता. वरून निर्दोष, वासाला उत्तम. आत मात्र कोयीलगतचा गर पांढुरका, भुसभुशीत आणि आंबूस. ‘साका’ हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. त्याच आठवड्यात आमच्या घरी आलेली पेटी अशीच निघाली होती आणि वडील विकणाऱ्याला लबाड ठरवून मोकळे झाले होते. गुरुजी एवढेच म्हणाले, “त्याने तरी आत कुठे पाहिले होते?” त्या प्रश्नाचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

निपाणीच्या वखारीत तंबाखूचे पान हाताने पारखता येते. हापूसचे अंतरंग कापल्यावाचून कळत नाही. १९३२ व १९३३ साली हापूस युरोपास पाठविण्याचे प्रयोग झाले. त्यांच्या १९३४ च्या अहवालात चीमा व दाणी यांनी या विकृतीची नोंद केली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. म्हणून खानापूर-कित्तूरकडील आंबेवाल्यांचाही हा प्रश्न होता.

सफरचंदवाले तर त्याआधीपासून अशाच दुखण्याने गांजले होते. ‘बिटर पिट’मध्ये सालीखाली तपकिरी, कडवट ठिपके पडतात, पुष्कळदा फळ साठवणीत ठेवल्यावरच ते दिसू लागतात. ऑस्ट्रेलियात मॅकआल्पाइन यांनी १९११ ते १९१६ या काळात पाच अहवाल लिहिले, तरी मूळ सापडले नाही. १९३६ मध्ये कॅनडात डीलाँग यांना रोगट फळांत कॅल्शियम कमी आढळले. १९५६ मध्ये अमेरिकेत गार्मन व मॅथिस यांनी कॅल्शियमच्या फवारणीने हा दोष कमी होतो, हे दाखविले.

यातील मर्म असे : कॅल्शियम मुळांकडून पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते. पाने अधिक पाणी उडवितात, म्हणून ते पानांकडे जाते. फळाच्या वाट्यास थोडेच येते. पानात गेलेले कॅल्शियम पुन्हा फळाकडे फिरत नाही. म्हणून जमिनीत चुना मुबलक असूनही फळ उपाशी राहू शकते, आणि फवारा पानांवर नव्हे, वाढत्या फळावरच पडावा लागतो.

साकाग्रस्त हापूसमध्येही कॅल्शियम कमी आढळले आणि तोच उपाय येथे करून पाहण्यात आला. परंतु आंबा म्हणजे सफरचंद नव्हे. १९८० च्या दशकात तापलेल्या जमिनीच्या धगीकडे बोट दाखविले गेले व झाडाखाली आच्छादनाचा सल्ला मिळाला. पुढे बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कोयीतच, तिच्या अकाली रुजू पाहण्यात, कारण शोधले. वेंगुर्ल्यास नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ साली साकामुक्त ‘रत्ना’ आला. पण बाजाराचे मन हापूसवरच राहिले.

म्हणजे उत्तर एका फवाऱ्यात नव्हते. फवारा, आच्छादन, वेळेवर तोडणी, नवे वाण : प्रत्येकाने दोषाचा थोडा थोडा भाग उचलला. दरम्यान, किती प्रामाणिक बागाइतदार व व्यापारी फसवे ठरले असतील! माझ्या वडिलांनी त्या विकणाऱ्याकडे पुन्हा कधी पाऊल टाकले नाही. कारण कळण्याआधी माणसावर दोष ठेवू नये, हे गुरुजींनी त्या एका फोडीतून शिकविले. ते ऋण फिटणारे नाही.