बळदातली सोंगं

आमचं सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराखाली. सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या मुलखात. शेजारचं खानदेश वर्षभर आधीच स्वतंत्र झालेलं.

चैत्रात गल्लीची सोंगं निघायची. आधी गणपती, शेवटी देवी आणि महिषासुर. मुखवटे बाया करायच्या. रद्दी कागद भिजवायचा, वाटलेली मेथी घालून उखळात कुटायचा, मातीच्या साच्यावर थापायचा. मेथीनं लगदा चिवट होतो, कीडही लांब राहते. दाढीला अंबाडी, रंगाला गेरू अन् तव्याची काजळी. नाचायचे मात्र गडीच.

रझाकारांच्या धामधुमीत आजोबांनी मुखवटे बळदात ज्वारीखाली दडपले. आजी सांगायची, "दागिने राह्यले वर अन् देव गेले खाली." पुढं काढले तर महिषासुराचं शिंग मोडलेलं. आजीनं नवं बसवलं, जरा वाकडंच. त्या रात्री दार लावून तिनं तो मुखवटा तोंडाला बांधून पाहिला. शिंग डोळ्यावर येतं का बघायला, असं म्हणायची. किती वेळ बांधला होता विचारलं की हसायची. आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आता कपडे भाड्यानं आणतात. महिषासुर माझ्याकडं आहे. रंग उडाला, एक गाल उंदरांनी कुरतडला. शिंग तेवढं शाबूत, वाकडंच.